विश्लेषण : घंटागाडी नसलेल्या गावात रविवारचा कचरा जातो कुठे?

शहरात सोमवारची सकाळ कामावर परतण्याची असते. सहलीच्या वाटेवरच्या गावात मात्र ती रविवारी मागे राहिलेले उचलण्याची असते. ओढ्याकाठी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, झाडाखाली थर्माकोलच्या ताटल्या, भाताच्या खाचरात फुटलेली काच. ताम्हिणी, माळशेज, भंडारदरा या परिसरातील गावे असोत की अलिबागपासून तारकर्लीपर्यंतचा किनारा, चित्र फारसे वेगळे नाही. मात्र दोष केवळ पर्यटकांवर टाकून चालणार नाही. गावातल्या घरांचा कचराही आता पूर्वीचा राहिलेला नाही. हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन का अडतात आणि घर, पाहुणे, ग्रामपंचायत यांच्या हाती काय आहे, याचा हा आढावा.

खेड्यातील घरात पूर्वी कचरा नव्हता का?

कचरा होता, पण तो परसाच्या पलीकडे जात नव्हता. सकाळी गोठा झाडला की शेण आणि वैरणीचे उरलेले बुडखे उकिरड्यावर जात. भाजीची देठे शेळीला, शिळी भाकरी म्हशीला, खरकटे कोंबड्यांना. चुलीतल्या राखेने भांडी घासली जात. जुनी लुगडी आणि धोतरे गोधडीत जात आणि गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई. गोडेतेल आणायला बरणी घरून नेली जाई. तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस लागे किंवा धान्य साठे.

उकिरडा हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. प्रत्यक्षात तो घरचा खताचा कारखाना होता. मृगाच्या आधी तो उपसला जाई आणि खत गाडीने शेतात जाई. घरात आलेली जवळपास प्रत्येक वस्तू कुजत असे, जळून निरुपद्रवी राख होत असे किंवा पुन्हा वापरली जात असे. त्यामुळे कचरा उचलून न्यायला कोणी लागत नव्हते. यात त्या काळाचे कौतुक करण्यापेक्षा एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ही व्यवस्था काटकसरीवर आणि घरातल्या बायकांच्या कष्टांवर चालत होती, आणि ती फक्त कुजणाऱ्या वस्तूंसाठी होती.

मग बिघडले काय?

वस्तू बदलल्या, उकिरडा तोच राहिला. आता सकाळी दूध पिशवीतून येते. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात पाच रुपयांचा पुडा असतो. शाम्पू, कपडे धुण्याची पावडर, मसाला, चहा हे सारे लहान पुड्यांत मिळते. आठवडे बाजारातून येणारी भाजीही पातळ पिशवीत बांधून येते. त्यात बाळाचे डायपर, सॅनिटरी नॅपकिन, गोळ्यांची पाकिटे, गेलेले बल्ब आणि बॅटरीचे सेल यांची भर पडली आहे.

लहान पुडा घेतो म्हणून गावातील गृहिणीला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. रोज हाती येणाऱ्या मजुरीतून महिन्याचा शाम्पू एकदम घेता येत नाही. शिवाय गावच्या दुकानात सुटा माल ठेवणारेही कमी झाले आहेत.

भंगारवाला गावात येतो, पण तो निवडून नेतो. लोखंड, पत्रा, पुठ्ठा, रद्दी, जाड प्लास्टिक आणि बाटल्यांना भाव आहे. वेफर्सच्या किंवा बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनाला भाव नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सहज वेगळे करता येत नाहीत. म्हणजे जे विकत नाही, कुजत नाही आणि कोणी नेत नाही, ते सारे उकिरड्यावर जाते. तिथून शेणखताबरोबर ते शेतात पोहोचते आणि नांगरटीला मातीतून पुड्यांच्या चिंध्या वर येतात. चरणारी गाय खरकट्यासकट पिशवी गिळते. ती पिशवी पोटात पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. अशा पिशव्या साठत गेल्या की जनावराचे खाणे तुटते. शेतकऱ्याच्या घरात हा थेट आर्थिक फटका आहे.

जाळून टाकले तर काय बिघडते?

बहुतेक गावांत शेवटी तेच होते. संध्याकाळी अंगणाच्या कडेला ढीग पेटवला जातो किंवा चूल पेटवताना पिशवी काकड्यासारखी वापरली जाते. ढीग दिसेनासा होतो, म्हणून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. उघड्यावरची आग पुरेशी तापत नसल्याने प्लास्टिक अर्धवट जळते आणि त्याचा विषारी धूर जमिनीलगत पसरतो. पीव्हीसीसारख्या क्लोरिनयुक्त प्लास्टिकमधून डायऑक्सिनसारखी घातक द्रव्ये तयार होतात. हा धूर सर्वात आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्या भोवती खेळणाऱ्या मुलांच्या छातीत जातो. ज्या राखेने भांडी घासायची किंवा जी भाजीच्या वाफ्यात टाकायची, तीही मग भरवशाची राहत नाही.

सहलींचा भार वेगळा का?

गावाचा स्वतःचा कचरा रोज थोडा थोडा होतो. सहलीचा कचरा दोन दिवसांत एकदम येऊन पडतो, तोही पावसाळ्यात धबधब्यांजवळ, हिवाळ्यात हुरडा पार्ट्यांच्या शेतांवर आणि सुट्यांत किनाऱ्यावर. शनिवारी गावाच्या लोकसंख्येइतके लोक येऊन गेले, तरी सफाईची व्यवस्था गावाच्या लोकसंख्येपुरतीच असते. अनेक ठिकाणी तर तेवढीही नसते.

शहरातील माणसाला सवय असते ती घंटागाडीची. आपण डब्यात टाकले की कोणीतरी उचलते, हे त्याने गृहीत धरलेले असते. त्यामुळे ढाब्यामागे किंवा झाडाखाली ‘एका जागी’ ठेवलेली कचऱ्याची पिशवी त्याला शिस्तीची वाटते. पण तिथे गाडी येणारच नसते. रात्री कुत्री ती पिशवी फोडतात आणि पहिल्या पावसात सगळे ओढ्यात जाते. त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणाची तरी पाण्याची विहीर असते. फुटलेली बिअरची बाटली लावणीच्या चिखलात दिसत नाही, ती पायाला लागल्यावरच कळते.

आणि पाहुणा नेहमी परकाच असतो असे नाही. गणपतीला, शिमग्याला किंवा जत्रेला गावी येणारा चाकरमानीही मुंबईहून बाटलीबंद पाण्याचे खोके गाडीत घालून आणतो. घरच्या विहिरीचे पाणी पिऊन लहानाचा मोठा झालेला माणूस चार दिवसांनी परत जातो आणि बाटल्या म्हाताऱ्या आईच्या पडवीत राहतात. तिने त्यांचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

नियम काय सांगतात?

नियमांची कमतरता नाही. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याच्या आधारे मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. थर्माकोलच्या ताटल्या, एकदाच वापरायचे पेले आणि चमचे त्यात आले. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड ठेवण्यात आला. १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिक पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरवण्यात आली.

आधीचे प्लास्टिक कचऱ्याचे नियम पालिका क्षेत्रापुरते होते. २०१६ च्या नियमांनी मात्र ग्रामपंचायतींवरही ही जबाबदारी टाकली. याच नियमांत उत्पादक कंपन्यांची विस्तारित जबाबदारी आहे. म्हणजे ज्यांनी वेष्टन बाजारात आणले, त्यांनीच ते गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची. २०२२ मध्ये त्यासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वेही आली आणि अनेक थरांच्या वेष्टनांचा त्यात स्वतंत्र वर्ग आहे.

कागदावर साखळी पूर्ण दिसते. पण वाडीवस्तीवरच्या दुकानातून विकला गेलेला पुडा तिथून परत न्यायला कंपनीची माणसे येत नाहीत. माल पोहोचवणारी गाडी आठवड्याला गावात येते आणि रिकामी परत जाते. प्रश्नाचे मर्म इथेच आहे. वस्तू गावात येण्याची वाट पक्की झाली, तिचे वेष्टन परत जाण्याची वाट कधी बांधलीच गेली नाही.

पैसा किती आणि तो पुरतो का?

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा २०२०-२१ पासून सुरू झाला. त्यात शौचालयांबरोबर घनकचरा आणि सांडपाण्यावर भर आहे. ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपयांपर्यंत, तर त्याहून मोठ्या गावाला दरडोई ४५ रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. तालुक्याला एक प्लास्टिक कचरा केंद्र उभारण्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा आहे.

हिशेब सोपा आहे. २ हजार लोकवस्तीच्या गावाला १ लाख २० हजार रुपये मिळू शकतात. त्यात खतखड्डे, एखादी तीनचाकी आणि कचरा वेगळा करण्याची शेड होईल. पण हा खर्च उभारणीचा आहे. रोज गाडी ओढणाऱ्या माणसाची मजुरी, गाडीची दुरुस्ती, तालुक्यापर्यंतचे भाडे हे दर महिन्याला लागते. अनेक गावांत चकचकीत तीनचाकी ग्रामपंचायतीच्या आवारात गंजत उभी दिसते, तिचे कारण बहुधा हेच असते. शिवाय ही तरतूद गावात राहणाऱ्यांच्या डोक्यांवर मोजलेली आहे. शनिवारी येणारी डोकी त्यात धरलेली नाहीत.

आता दुसरा हिशेब पाहू. समजा त्याच गावात ४०० घरे आहेत आणि प्रत्येक घराने रोज १ रुपया दिला, तर महिन्याला १२ हजार रुपये जमतात. समजा शनिवार-रविवार मिळून १५० गाड्या येतात आणि प्रत्येकीकडून ३० रुपये स्वच्छता शुल्क घेतले, तर चार आठवड्यांत १८ हजार रुपये होतात. दोन्ही मिळून एका माणसाची मजुरी निघू शकते आणि गाडीचा खर्चही भागू शकतो. कर आणि शुल्क बसवण्याचे अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या कायद्याने दिलेले आहेत. मात्र पावती द्यायला हवी आणि पैसे कुठे खर्च झाले, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला हवे. नाही तर स्वच्छता शुल्काला ‘नाक्यावरची वसुली’ म्हणायला लोकांना वेळ लागत नाही.

घरात काय करता येईल?

पहिला नियम एकच : कुजणारे परसात राहील आणि न कुजणारे परसात जाणार नाही. एवढे एक पाळले तरी उकिरडा पुन्हा उकिरडा होतो.

ज्या घरी जनावरे नाहीत, तिथे साधारण १ मीटर लांब, रुंद आणि खोल असे दोन खड्डे पुरतात. एक भरत असताना दुसरा कुजतो. ओल्या कचऱ्यावर वाळका पाला, वर शेणकाला आणि मातीचा पातळ थर दिला की वास येत नाही आणि माश्याही धरत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत खत होते. कोकणात पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, म्हणून तिथे जमिनीवर बांधलेला हौद बरा. यवतमाळ जिल्ह्यातील ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली आणि त्यांच्याच नावाने ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत याच प्रकारची आहे. हवा खेळावी म्हणून विटांच्या भिंतीत भोके ठेवलेला, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच हौद. दोन-तीन घरांत मिळून एक बांधला तरी चालतो.

न कुजणाऱ्याचे तीन भाग करावेत. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पुठ्ठा हे विकले जाणारे. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, कारण तो इवलासा तुकडा कोणीच वेचत नाही. दुसरा भाग विकत न जाणाऱ्या पुड्यांचा. ते झटकून, कोरडे करून खताच्या रिकाम्या पोत्यात साठवावेत. कोरडे असले तर त्यांना वास येत नाही. तिसरा भाग नॅपकिन, डायपर, ब्लेड, सुया आणि औषधांचा. हे कागदात गुंडाळून वेगळे ठेवावे, उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. हा भाग सर्वात अवघड आहे आणि ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेशिवाय तो सुटणार नाही, हे मान्य करायला हवे. जिथे धुण्या-वाळवण्याची सोय आणि मोकळीक आहे, तिथे कापडी पॅड आणि बाळाचे लंगोट यांनी त्याचा भार कमी होतो.

आणि मुळात घरात कमी आणणे. बाजाराला जाताना कापडी पिशवी, तेलाला बरणी, घरच्या कार्याला पळसाच्या पत्रावळी किंवा गावाने मिळून घेतलेली स्टीलची ताटे. बचत गटाने शंभर ताटे-वाट्यांचा संच घेऊन बारशाला, साखरपुड्याला भाड्याने दिला, तर गटालाही उत्पन्न मिळते.

सहलीला जाताना काय करता येईल?

भरलेली पाण्याची बाटली गड चढताना किलोभराची असते आणि उतरताना काही ग्रॅमची. वर नेता येते ती खाली आणता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. गाडीच्या डिकीचेही तसेच आहे. जाताना ती खाऊने भरलेली असते, येताना मोकळी असते. म्हणून सहलीच्या सामानात दोन रिकाम्या पिशव्या आधीच ठेवाव्यात, एक कोरड्या कचऱ्याला आणि एक डायपरसारख्या गोष्टींना. ती पिशवी वाटेतल्या गावात न ठेवता घरी आणून आपल्या घंटागाडीत टाकावी. ज्या शहरातून वस्तू निघाली, तिथे तिची थोडीफार व्यवस्था असते.

पाण्यासाठी घरची बाटली, जेवणासाठी डबा किंवा गावातल्या घरगुती खाणावळीत ताटात वाढलेले जेवण. यात कचरा टळतो आणि पैसा गावात राहतो. सगळा खाऊ शहरातून बांधून नेणारी सहल गावाला देते काय? फक्त वेष्टने. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, ते शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे म्हणून. मुक्कामाच्या घरी माठातले किंवा गाळलेले पाणी मागितले, तर यजमानांनाही बाटल्यांचे खोके आणून ठेवावे लागत नाहीत. पाहुण्यांनी मागितले नाही, तर ते बंद होईल.

अशी व्यवस्था कुठे चालली आहे का?

चालली आहे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आले. फुलांच्या हंगामात तिथे पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवली जाते, शुल्क घेतले जाते आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या सहभागी आहेत. शुल्क घेतले म्हणून लोक यायचे थांबले नाहीत.

सिंधुदुर्गातील वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा घरातच वेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, पालापाचोळ्यापासून कांडी कोळसा आणि प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात, अशी वाट काढली. एके काळची कचराभूमी लोक पाहायला येऊ लागले. उकिरड्याचेही दैव कधीतरी फिरते, असे आपल्याकडे म्हणतात, ते इथे झाले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा गावाने कर भरणाऱ्या कुटुंबांना मोफत दळण देऊन करवसुलीचा प्रश्न सोडवला. कराच्या बदल्यात काहीतरी रोज हाती पडते, हे दिसल्यावर लोक पैसे देतात.

काचेच्या बाटल्यांसाठी तमिळनाडूतील निलगिरीचा उपाय पाहण्याजोगा आहे. २०२२ पासून तिथे मद्याच्या बाटलीमागे १० रुपये जादा घेतले जातात आणि रिकामी बाटली परत दिली की ते मिळतात. पर्यटकाने बाटली टाकली, तरी १० रुपयांसाठी दुसरा कोणी ती उचलतो. आपल्या घाटवाटांवर आणि किनाऱ्यांवर हे करायला हरकत नसावी. मात्र ते राज्य सरकारला करावे लागेल, एकट्या ग्रामपंचायतीच्या हातचे ते नाही.

पुढे काय?

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले, तेव्हा गावेच्या गावे खराटा घेऊन रस्त्यावर उतरली होती. ती ऊर्मी खरी होती आणि आजही जागी होऊ शकते. पण खराट्याने कचरा गोळा होतो, नाहीसा होत नाही. गोळा केलेला कचरा तालुक्यापर्यंत नेणारी गाडी नसेल, तर अभियानाच्या दुसऱ्या दिवशी तोच ढीग पेटवला जातो.

म्हणून येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तीन ठराव यायला हवेत. एक, महिन्यातून ठरलेल्या दिवशी घरोघरची कोरडी पोती तालुक्याच्या केंद्रावर नेणारे वाहन, गरज पडल्यास चार-पाच गावांनी मिळून. दोन, पर्यटक येत असतील तर पावतीसह स्वच्छता शुल्क आणि त्याचा फळ्यावर लिहिलेला हिशेब. तीन, न विकल्या जाणाऱ्या वेष्टनांचे महिन्याचे वजन नोंदवून ते पंचायत समितीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवणे. कंपन्यांची जबाबदारी कायद्यात आहे, पण आपल्या गावात त्यांचा माल किती साचतो, हे कोणी मोजून सांगितल्याशिवाय ती गावापर्यंत येणार नाही.

प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या दिवशी ग्रामसभा भरतात. शहरात राहणाऱ्यांपैकी अनेकांचे नाव अजून गावच्या मतदार यादीत आहे. पुढच्या सुटीत गावी जाल, तेव्हा या सभेला बसा. आणि परतताना आईच्या पडवीतल्या बाटल्या गाडीत घालून घेऊन या.